सेवेचे तास

आमच्याकडे शिक्षणात एका वर्षाचा खंड पडला की त्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते. स्टँप पेपर घ्यायचा, नोटरीकडे जायचे आणि 'मधल्या काळात मी अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता, तसेच कोणत्याही बेकायदा कृत्यात भाग घेतलेला नव्हता' अशा अर्थाचा मजकूर शपथेवर लिहून द्यायचा. याला 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. प्रवेशाच्या दिवसांत कोर्टाच्या आवारातल्या टायपिंगवाल्यांपुढे जी पोरे मान खाली घालून उभी असतात, त्यांतली निम्मी याच कामासाठी आलेली असतात. घरात या खंडाला वेगळे नाव आहे. 'त्याचे एक वर्ष गेले' असे म्हणतात. घरातले एखादे माणूस गेल्याचे सांगतानाही आपण हेच क्रियापद वापरतो.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या बाबतीत हाच खंड भूषणाचा मानला जातो. तिथे बारावीनंतर लगेच डॉक्टरकी नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची ५२८ गुणांची परीक्षा, मग अर्ज, मग मुलाखती आणि मग पुढची चार वर्षे. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीला करायचा आणि प्रवेश मिळालाच तर तो पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरचा. त्यामुळे पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत ज्याने अर्ज केला नाही, त्याच्या वाट्याला एक मोकळे वर्ष आपसूकच येते. हल्ली तर प्रवेश मिळवणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक मुले असे एक-दोन वर्षे थांबून आलेली असतात. २०२३ साली सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. म्हणजे थांबण्याला काही कारण आहेच.

या वर्षात मुले नोकरी करतात. ती कोणती करावी, हा तिथल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना पडलेला मोठा प्रश्न असतो. माझी पुतणी तिकडेच वाढली. गेल्या वर्षी तिची जीवशास्त्राची पदवी पूर्ण झाली आणि तिच्यापुढे तीन कामे होती. एक, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन साहाय्यकाचे. दुसरे, एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात 'स्क्राइब'चे. डॉक्टर रोग्याशी बोलत असतात तेव्हा शेजारी उभे राहून सारे संगणकावर टिपून घेणारा लेखनिक तो स्क्राइब. तिसरे, वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्सच्या हाताखालचे. आपल्या भाषेत सांगायचे तर आयाचे. तिने मला फोनवर विचारले, "काका, यांतले कुठले जास्त चांगले दिसेल?"

'दिसेल' या शब्दापाशी मी अडखळलो. कामाची निवड करताना पगार किती, त्रास किती, शिकायला काय मिळेल, हे विचारतात. इथे कामे तीन आणि ती पाहणारा चौथाच कुणी, अर्ज वाचणारा. मुलगी मनाने चांगली आहे. तिने शब्द काही वाईट हेतूने वापरला नव्हता. तो त्या फॉर्ममधूनच तिच्या तोंडी आला होता. तो फॉर्म तिने मला दाखवला तेव्हा उलगडा झाला. आपण केलेली कामे त्यात जास्तीत जास्त पंधरा नोंदींत सांगायची. प्रत्येकीसाठी सातशे अक्षरे. त्यांतल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडायच्या आणि त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरे वापरायची. प्रत्येक नोंदीपुढे एक चौकोन असतो. त्यात एकूण तास लिहायचे, झालेले आणि पुढे होतील असे अपेक्षित असलेलेही. सेवा केलीत, ठीक, किती तास?

आपण इकडे बसून याला हसू शकतो. पण आपली पद्धत काय आहे? एकशेऐंशी प्रश्न, सातशेवीस गुण. २०२४ च्या 'नीट'ला तेवीस लाखांहून अधिक मुले बसली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात मिळून एक लाखाहून थोड्या अधिक. त्या तेवीस लाखांपैकी एकालाही कुणी विचारले नाही की बाबा रे, आजारी माणसाच्या अंगाला तू कधी हात लावला आहेस का? आपल्याकडेही वर्ष थांबणारे आहेत. कोटा आणि लातूर त्यांनीच भरली आहेत. त्या वर्षाला 'ड्रॉप' म्हणतात आणि त्यात मुलगा खोलीबाहेर पडत नाही. आजोबा घरात अंथरुणाला खिळले असतील, तर त्याच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून त्यांना काकांकडे हलवतात. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलापासून रोगी दूर ठेवायचा, हे आपल्या घराघरांत घडते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही.

तरीही आपल्या परीक्षेच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे, आणि ती आपल्या भागातल्या माणसांना चटकन पटेल. परीक्षा तुमच्या काळजात डोकावत नाही, तशी तुमच्या आडनावाकडे आणि बोलण्याच्या ढंगाकडेही पाहत नाही. नीटची प्रश्नपत्रिका तेरा भाषांत मिळते, मराठीत आणि कन्नडमध्येही. मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेल्याला आपला कोणता उच्चार खटकेल आणि कोणता आवडेल, याची धास्ती दोन भाषांत वाढलेल्या मुलाला एकभाषी मुलापेक्षा अधिक असते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी, असे जगणाऱ्याला 'तुमच्या शब्दांत सांगा' म्हटले की पहिला प्रश्न पडतो, माझे शब्द कुठले? अशा मुलाला गोल काळा करायची परीक्षा न्यायाची वाटली, तर त्यात नवल नाही. तिला करुणा कळत नाही, पण तिच्यापुढे करुणेचे सोंगही आणावे लागत नाही.

हेतू तपासून पाहण्याचा प्रयत्न आपल्या देशातही झालेला आहे. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथल्या प्रवेशपरीक्षेत शास्त्रविषयांच्या जोडीला गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. नंतर नीट आली आणि ती प्रश्नपत्रिका गेली. ती गेल्याचे मला वाईट वाटले. पण जिथे प्रश्नपत्रिका आली तिथे पाठांतर आलेच, हे शिक्षक म्हणून मला ठाऊक आहे. सद्गुणाला गुण दिले की त्याचा अभ्यासक्रम होतो. त्यापेक्षा त्या संस्थेने प्रवेशानंतर ठेवलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. नव्या मुलांनी पंधरा दिवस आश्रमात राहायचे, श्रमदान करायचे. तिथे उत्तर लिहायचे नसते, झाडू घ्यायचा असतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही मुलाखती घेऊन, मुलांना पारखून प्रवेश देण्याची जुनी रीत होती. ती सोडायला नको म्हणून २०१७ साली त्या संस्थेने एमबीबीएसच्या शंभर जागांपैकी एकच भरली आणि बाकीच्या रिकाम्या ठेवल्या. मुले कशी पारखावी हा प्रश्न एखाद्या संस्थेला एवढा जिव्हाळ्याचा वाटू शकतो!

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. अर्जात लिहिता यावी म्हणून केलेली सेवा ही सेवा होते का?

आपल्याकडे याचे उत्तर तयार असते. फळाची आशा न धरता कर्म करावे. सभेत हे सांगितले की टाळ्या मिळतात. पण सांगणारा बहुधा पेन्शनीत निघालेला असतो. तेवीस वर्षांच्या मुलीला, जिला पुढे सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज काढून शिकायचे आहे, 'फळाचा विचार करू नकोस' असे सांगणे मला सभ्यपणाचे वाटत नाही. इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात एका वाण्याचे उदाहरण दिले आहे. हा वाणी लहान मुलालाही फसवत नाही, सर्वांना एकच भाव लावतो. पण तो असे करतो ते दुकान चांगले चालावे म्हणून. कांट म्हणतो, त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, मात्र ती कर्तव्यबुद्धीतून आलेली नाही, म्हणून तिला नैतिक मोल नाही. बी.ए.ला असताना हे वाचले तेव्हा मला ते निरुत्तर करणारे वाटले होते. आज वाटते की कांटने हे दुकान वाण्याच्या बाजूने पाहिले. साखर घ्यायला आलेल्या पोराच्या बाजूने पाहिले, तर पुडीत साखर पुरेपूर आली ही गोष्ट लहान नाही.

शुश्रूषागृहातली खाट ही त्या पोराची जागा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. नाही वळवले, तर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. वळवणारीच्या मनात करुणा होती की अर्जातला चौकोन होता, हे त्या पाठीला कळत नाही. ती वेळेवर आली का, तिचे हात गार होते का, तिने वळवताना पांघरूण नीट धरले का, एवढेच कळते. म्हणून अशुद्ध हेतूने केलेली सेवा ही सेवा नव्हेच, असे म्हणायला मी धजत नाही. तसे म्हटले तर जगातली बहुतेक सेवा बाद होईल, पगारी तर सगळीच.

पण हेतूला काहीच अर्थ नाही, असेही नाही. तो दिसतो तो चौकोन भरल्यानंतर. पाचशे तास पुरे झाले, अर्ज गेला, आणि मग एका सकाळी थंडी फार आहे, बस चुकली आहे, आणि खाटेवरचे माणूस चिडखोर आहे. त्या दिवशी कामावर कोण जाते? हेतू आरंभी शुद्ध असावा, हा आग्रह मी सोडून दिला आहे. माणूस कोणत्याही दाराने आत येवो. आत आल्यावर कामाने त्याला धरले की नाही, हे पाहावे. तेव्हा प्रश्न असा होतो की या तिघांतले कोणते काम माणसाला धरून ठेवण्याइतके घट्ट आहे?

प्रयोगशाळेबद्दल फार लिहीत नाही. ते काम प्रतिष्ठेचे आहे, ज्ञानाचे आहे, आणि ज्याला संशोधनाची ओढ आहे त्याने ते जरूर करावे. माझ्या पुतणीला ती ओढ नव्हती. परीक्षानळी कुणाला रागावत नाही, एवढीच माझी तक्रार.

लेखनिकाच्या कामाचे मला आकर्षण वाटले, आणि ते भाषेमुळे. २००९ च्या एका कायद्यानंतर अमेरिकेत रुग्णालयांच्या नोंदी झपाट्याने संगणकावर गेल्या. डॉक्टरांचा वेळ टंकलेखनात जाऊ लागला आणि हे लेखनिक ठेवण्याचे प्रमाण वाढले. आता संभाषण ऐकून आपोआप टिपण तयार करणारी यंत्रे आली आहेत आणि ही नोकरी किती दिवस टिकेल याची शंकाच आहे. पण तिच्यातून शिकायला काय मिळते ते पाहा. रोगी आपल्या शब्दांत सांगतो आणि नोंद भलत्याच शब्दांत होते. आपल्या भागात हे रोज घडते. खेड्यातला म्हातारा दवाखान्यात येतो आणि छातीवर हात ठेवून म्हणतो, "एद्याग ओंथरा आगतैत्री." बरोबरचा शेजारी मराठी असतो, तो सांगतो, "छातीत कसंतरी होतंय म्हणतोय." तरुण डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो. तो कागदावर इंग्रजीत 'छातीत दुखणे' असे लिहितो. म्हातारा दुखते म्हणालाच नव्हता. 'ओंथरा' म्हणजे एक प्रकारचे, सांगता न येणारे. त्याला धडधड म्हणायचे असेल, कोंडल्यासारखे म्हणायचे असेल, भीतीही म्हणायची असेल. तीन भांड्यांतून पाणी ओतताना जे सांडले, ते सांडले. ओतणाऱ्यांपैकी कुणाचाच हेतू वाईट नव्हता. जो मुलगा वर्षभर या ओतण्याच्या जागी उभा राहील, त्याला निदान एवढे कळेल की नोंद म्हणजे रोगी नव्हे. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला ते इतरांपेक्षा लवकर कळेल, आणि हे मी काही अभिमानाने फुगून म्हणत नाही.

पण लेखनिक पाहतो आणि लिहितो. त्याला रोगी काही मागत नाही. या कामांच्या जोडीला आणखी एक प्रकार तिकडे फार आहे, तो म्हणजे डॉक्टरच्या मागे सावलीसारखे फिरून त्याचे काम पाहणे. 'शॅडोइंग' हेच त्याचे नाव. याचेही तास मोजतात. ही सावली समुद्र ओलांडून आपल्या गावापर्यंत येते, म्हणून त्याबद्दल थोडे लिहितो.

काही वर्षांपूर्वी एका परिचित घरातून मला निरोप आला. त्यांचा अमेरिकेतला नातू सुट्टीत येणार होता. त्याला महिनाभर एखाद्या दवाखान्यात उभे राहू द्यावे, शस्त्रक्रिया आणि बाळंतपणे पाहू द्यावीत, आणि शेवटी तासांचे पत्र द्यावे. तिकडे एवढ्या लहान वयात असे पाहू देत नाहीत, इकडे ओळखीने होते. जे डॉक्टर त्यांच्या मनात होते ते माझे जुने विद्यार्थी, म्हणून शब्द माझ्याकडून हवा होता. मी तो टाकला नाही. त्या घराचे आणि आमचे बोलणे दोन वर्षे बंद होते. काम दुसऱ्या कुणीतरी करून दिले आणि पत्रही मिळाले, असे नंतर ऐकले.

मला तेव्हाही आणि आजही एकच प्रश्न पडतो. बाळंतपणाच्या टेबलावर जी बाई होती तिला कुणी विचारले का? विचारले असेलच, तर कोणत्या भाषेत? त्या मुलाला कन्नड येत नव्हते आणि मराठी स्वयंपाकघरापुरते. बाई बहुधा आसपासच्या खेड्यातली. तिने नकार दिला असता तर तो ऐकला गेला असता का? जे आपल्या देशात, आपल्या माणसांच्या बाबतीत करू देत नाहीत, ते इथे करता येते, याचा अर्थ इथल्या माणसाची लाज स्वस्त आहे असा होतो. नातवाचा दोष मी मानत नाही. त्याच्या फॉर्ममध्ये चौकोन होता. पण चौकोन भरण्यासाठी आपण आपल्याच शेजारणीला वापरायला दिले, हे मला खुपते.

याच्याच पोटातला एक अधिक नाजूक प्रश्न आहे, निबंधाचा. अर्जाबरोबर ५३०० अक्षरांत 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' हे लिहावे लागते. अशा लेखनाला एक प्रसंग लागतो. वेल्लोरची संस्था काढणाऱ्या आयडा स्कडर यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. त्या मिशनरी डॉक्टरांच्या कन्या. आईच्या आजारपणासाठी तिंडिवनमला आलेल्या असताना एका रात्री तीन घरचे पुरुष आपल्या अडलेल्या बायकांसाठी मदत मागायला आले. बाईमाणसाला पुरुष डॉक्टर चालणार नव्हता आणि आयडा डॉक्टर नव्हत्या. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. आयडा अमेरिकेत जाऊन १८९९ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत आल्या. आपल्या आनंदीबाई जोशींचे मूलही अवघ्या दहा दिवसांत गेले होते. १८८३ साली त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत, मी अमेरिकेला का जाते, याची उत्तरे दिली. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या आल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती, पण त्या रुजू व्हायच्या आधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, गेल्या. या दोघींनी ते दुःख शोधायला नोकरी धरली नव्हती. आता प्रत्येक अर्जदाराला आपली अशी एक रात्र हवी असते. ती आपोआप येत नसेल तर तो ती शोधायला निघतो, आणि शुश्रूषागृहात मरणासन्न म्हातारे पुष्कळ असतात.

दुसऱ्याच्या मरणावर आपल्या निबंधाचा पहिला परिच्छेद उभारावा का? कथालेखक हेच करतात, असे कुणी म्हणेल. ते खरेच आहे, आणि आम्हा दिवाळी अंकात लिहिणाऱ्यांनाही ते लागू आहे. पण कथालेखकाच्या हाती त्या माणसाचे बेडपॅन नसते. ज्याने तुमच्यापुढे अंग उघडे केले ते तुम्ही मदतीला आलात म्हणून, त्याचे उघडेपण तुम्ही बाहेर नेऊ नये. नाव बदलले, गाव बदलले, तरी नेऊ नये. जिवंत असेल आणि समजण्याच्या स्थितीत असेल तर त्याला विचारावे. नसेल तर दुसरे काही लिहावे. याबाबतीत माझे मत कर्मठ आहे, हे मी जाणून आहे.

एवढे सारे बोलून मी पुतणीला शुश्रूषागृहाचे काम घ्यायला सांगितले. कारणे दोन. एक, तिथे ती कुणाच्या तरी उपयोगी पडणार होती. तिकडच्या १९८७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे या कामासाठी निदान पंचाहत्तर तासांचे शिक्षण आणि परीक्षा आवश्यक आहे, म्हणजे काम शिकवून हाती देतात, नुसते उभे करत नाहीत. दुसरे, तिथे तिला लोक रागावू शकत होते. रोगी रागावेल, नातेवाईक रागावतील, नर्स रागावेल. पुढे ती डॉक्टर झाली की तिला रागावणारे जवळजवळ कुणी उरणार नाही. रुग्णालय ही एक उतरंड आहे. वरचे मडके होण्याआधी वर्षभर तळाचे मडके होऊन पाहावे.

माझ्या भावजयीला हे मुळीच आवडले नाही. "दादा, तुम्ही तरी तिला समजवाल असं वाटलं होतं. चार वर्षं शिकून दुसऱ्यांची बेडपॅनं उचलायची?" मी तिला दोष देत नाही. ती जे बोलली ते आपल्या सगळ्यांच्या घरात मुरलेले आहे. आपल्या दवाखान्यांत हे काम मावशी आणि मामा करतात. नात्याची नावे आपण दिली, पण कोणत्या वस्तीतल्या मावशा आणि कोणत्या जातीतले मामा, हे विचारायची गरज पडत नाही, ते सगळ्यांना माहीत असते. डॉक्टर जखमेला हात लावतो तेव्हा ती विद्या असते, आणि मावशी त्याच शरीराची घाण काढते तेव्हा ते हलके काम. शरीर एकच, खाट एकच. बाबा आमटे वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी डोक्यावरून मैला वाहून पाहिला होता. कुष्ठरोगाचा अभ्यास करायला ते कलकत्त्याला गेले ते त्यानंतर, १९४९ साली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. भावजयीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "ते बाबा आमटे होते." यावर मला उत्तर सुचले नाही.

पुतणीने काम घेतले. पहिल्या दोन महिन्यांत ती नोकरी सोडून देणार, असे तिने मला तीनदा कळवले. मग कळवणे बंद झाले. हल्ली ती तिथल्या एका म्हातारीविषयी बोलते. ही बाई तिला कायम दुसऱ्याच कुणा मुलीच्या नावाने हाक मारते आणि ती हाकेला ओ देते. इथेच तिने मला एक अडचण घातली. पुढच्या उन्हाळ्यात प्रवेश मिळाला तर ती निघून जाणार. वर्षभर जिच्या हाताची सवय झाली, ती मुलगी एका सोमवारी येणार नाही, आणि म्हातारीला कारण समजणारही नाही. एका वर्षासाठीच जायचे हे ठाऊक असताना कुणाला आपला लळा लावावा का? मी म्हणालो, लळा न लावता पाठ धुता येते का ते बघ. ती म्हणाली, नाही येत. मग आम्ही दोघेही गप्प बसलो. हा प्रश्न माझ्याकडून सुटलेला नाही. त्या गृहातल्या कायमच्या आया, ज्यांना पुढे कुठे जायचे नाही, त्याच खऱ्या. ही वर्षाची पाहुणी. तिच्या अर्जात वर्षाचे तास येतील. त्यांनी वीस वर्षे केलेले तास कुठल्याच चौकोनात जात नाहीत.

माझे एक डॉक्टर मित्र आहेत. चाळीस वर्षे आमच्या भागात दवाखाना चालवला, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत ज्यांच्या शिव्या ऐकाव्या असे गृहस्थ. हा लेख लिहिताना त्यांना वाचून दाखवला. त्यांना तो पटला नाही. ते म्हणाले, "मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मार्क पडले, वडलांनी फॉर्म भरला. इंटर्नशिपला रात्री दोन वाजता एकटा वॉर्डात उभा राहिलो तेव्हा कळलं काय ते. आधी नोकरी करून कळलं असतं असं मला वाटत नाही. हातात काही विद्या नसताना रोग्यापुढे उभं राहिलं तर नुसती हळहळ शिकतो माणूस. विद्या आली की मग जबाबदारी येते." मी म्हणालो, पण तुम्ही बरे निघालात. तुमच्या वर्गातले बाकीचे? ते हसले, आणि दोन-तीन नावे घेतली, ती इथे देता येत नाहीत.

जाता जाता मात्र ते म्हणाले, "तुझ्या पुतणीला सांग, कंबर सांभाळ म्हणावं. माणूस उचलताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांतून वाकायचं." मी ते तिला कळवले. ते पहिल्याच दिवशी शिकवतात, असे तिचे उत्तर आले.